पाठीमागचा हात

फार पूर्वी डोंगरातल्या एका खिंडीच्या पायथ्याशी तट्टूवाल्यांचे एक गाव होते. पावसाळा सरला की तिथले लोक तट्टांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादत, तांडा करून खिंड चढत, आणि पलीकडच्या मुलखातून धान्य घेऊन परत येत. त्या गावात शेत असलेले घर एकही नव्हते आणि तट्टू नसलेले घरही एकही नव्हते.

चरणारे तट्टू पकडायची गावाची एक रीत होती. डाव्या हातात भिजवलेले हरभरे घ्यायचे. उजव्या हातात लगाम घ्यायचा आणि तो हात पाठीमागे लपवायचा. मग "ये, ये बाळा" करत हळूहळू पुढे जायचे. तट्टाने हरभऱ्याला तोंड लावले रे लावले की मागचा हात पुढे यायचा. गावातली पोरे नीट चालायला लागायच्या आधी ही रीत शिकत. त्यांचे एक गाणेही होते:

पुढं हरभरा, मागं दोर,
हाती येतं तट्टू मुजोर.

या गावात एक तट्टूवाला राहत असे. त्याच्याकडे चार तट्टे होती आणि एक घोडी. घोडी तपकिरी अंगाची, पिवळसर डोळ्यांची होती, म्हणून तिला साळुंकी म्हणत. खरे तर साळुंकी त्याची नव्हतीच, त्याच्या बायकोची होती. कोणा परक्या माणसाने तिला खिंडीत टाकून दिले होते. पाठ सोलून निघालेली, अंगाला हात लावू जाणाऱ्याला चावणारी. बायकोने तिला घरी आणले तेव्हा सगळे हसले होते. पण महिन्याभरात साळुंकी तिच्या मागोमाग चालू लागली आणि पुढची चार वर्षे तिने तांड्यात बिनतक्रार मीठ वाहिले.

त्या पावसाळ्यात तट्टूवाल्याची बायको तापाने गेली.

दिवसकार्य झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. मग एका सकाळी तट्टूवाल्याने हरभरे भिजवले, लगाम पाठीमागे धरला आणि तो जनावरांच्या वाडग्यात शिरला. साळुंकी काट्यांच्या कुंपणाला लागून उभी होती.

"ये, ये बाळा," तो म्हणाला.

साळुंकीने कान मागे पाडले. तो आणखी दोन पावले गेला. तिने मान लांब करून त्याचा दंडच धरला. हरभरे चिखलात सांडले. कसाबसा हात सोडवून तो बाहेर आला आणि दंडावरच्या दातांच्या खुणा बघत उभा राहिला. आपले काय चुकले, हे त्याला कळेना. त्याने तर सगळे रीतीप्रमाणे केले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने हरभऱ्यांत गूळ घातला. साळुंकीने लाथ झाडली. तिसऱ्या दिवशी त्याने गूळ वाढवला. तिने त्याला वाडगेभर पळवले. जितके गोड पुढे करावे तितकी ती जास्त चवताळे. असे जनावर त्याने जन्मात पाहिले नव्हते. उपाशी तट्टू खाण्याला भिते, हे कुठे ऐकलेय का?

चार दिवसांत साळुंकीने आणखी दोघांना इंगा दाखवला. मदतीला आलेल्या शेजाऱ्याचा खांदा फोडला आणि पाटलांच्या गड्याचे मनगट चावले. तेव्हा पाटलांनी तट्टूवाल्याला पारावर बोलावले.

"हे बघ," पाटील म्हणाले, "तुझ्या घरात दुःख आहे, मला कळतं. पण गावात लहान पोरं आहेत. पौर्णिमेला तांडा निघेल. त्याच्या आत घोडी नाल ठोकून, लगाम घालून, पाठीवर गोणी घेऊन या पारापासून वेशीपर्यंत चालली पाहिजे. नाही चालली, तर तिला खिंडीपलीकडच्या रानात सोडायची."

खिंडीपलीकडच्या रानात वाघ होते, आणि तिथे सोडलेले जनावर आठ दिवस टिकत नसे. सगळ्यांना ते ठाऊक होते. 

तट्टूवाला घरी आला. बायकोची भांडी होती, लुगडी होती, पण ती काही श्वास घेत नव्हती. तिने जीव लावलेले, अजून चालते-बोलते असे एकच काही उरले होते, ते वाडग्यात उभे होते, आणि त्याला जवळ येऊ देत नव्हते. बायको या घोडीला लगाम घालायची तरी कशी? चार वर्षे त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. तो पहाटे उठून पुढची चार तट्टे लादायला जायचा, आणि ती मागून साळुंकीला घेऊन यायची. तिला विचारावे असे कधी वाटले नाही. आता विचारायचे कोणाला?

त्याने शेजारच्या म्हातारीला विचारले.

"अरे, ती बोलायची रे तिच्याशी," म्हातारी म्हणाली. "माझ्या कानांनी ऐकलंय. लेकीशी बोलावं तशी बोलायची."

"काय बोलायची?"

"ते मी कशाला ऐकू? मला माझी कामं नव्हती होय!"

मग तो साळुंकीशी बोलू लागला. बारीक आवाज काढून, "माझी शहाणी, माझी गुणाची, काही नाही हं करणार मी तुला," असे घोळवून घोळवून तो बोलला. लगाम अर्थातच पाठीमागे होता. साळुंकीने त्याचे पागोटे उडवून वाडग्याबाहेर टाकले.

"आवाज ओळखते ती," म्हातारीने निदान केले. "तुझा घसा म्हणजे फुटका ढोल. त्याला कोण फसेल? असं कर, तिचं लुगडं नेस. वासाला तरी येईल."

शहाण्या माणसाने हे ऐकले नसते. पण पौर्णिमेला चारच दिवस राहिले होते आणि तट्टूवाल्याची बुद्धी गोंधळून थकली होती. त्याने पेटी उघडली. वरचेच हिरवे लुगडे काढले, वेडेवाकडे गुंडाळले, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली मान घालून तो वाडग्याकडे निघाला.

"अगं बाई, ही कुणाची सून म्हणायची?" वाटेवरच्या बायका म्हणाल्या.

"मिशा बऱ्या आहेत हो सूनबाईंना!"

पोरे टाळ्या पिटत मागे लागली. तट्टूवाला पदर सावरत चालत राहिला.

साळुंकीने हिरवा रंग लांबून पाहिला आणि तिचे कान पुढे झाले. ती चक्क चालत जवळ आली. तिने पदराचा वास घेतला, एकदा, दोनदा, आणि मान खाली करून हळूच फुरफुरली.  आता फक्त मागचा हात पुढे आणायचा होता. तो हात जेमतेम हलला असेल नसेल, तोच साळुंकी दोन पायांवर उभी राहिली. तिने पदर दातांत धरला आणि टरकावला. लुगडे काठापासून काठापर्यंत फाटले.

या वेळी कोणी हसले नाही. बायकांनी पोरांना घरी पिटाळले.

तट्टूवाला फाटके लुगडे मांडीवर घेऊन ओसरीवर बसला. ती जवळ आली, हे खरे होते. ती चवताळली, हेही खरे होते. दोन्ही एकाच घोडीने एकाच घटकेत केले. तिला वास हवा होता की नको होता? ती बायकोला शोधत होती की बायकोवर चिडली होती? एक सूत धरावे तर दुसरे सुटत होते. दोन दिवस तो असाच बसून राहिला आणि शेवटी त्याने हात टेकले.

त्या गावात जनावर सोडून द्यायचे ठरले की त्याचा लगाम नेऊन वेशीवरच्या बाभळीला टांगत. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी तट्टूवाला साळुंकीचा लगाम टांगायला निघाला. वाट वाडग्यावरून होती. एकदा बघून घ्यावे म्हणून तो आत शिरला आणि दगडावर बसला. हरभरे आणले नव्हते. पकडायचे नव्हते, तेव्हा लगाम लपवायचे कारणही नव्हते. तो त्याच्या गुडघ्यावर उघडा पडला होता.

"चाललो तुला सोडायला," तो म्हणाला. "मला काही जमलं नाही बघ."

बऱ्याच वेळाने त्याच्या हातावर गरम वाफ आली. त्याने पाहिले तर साळुंकी त्याच्या पुढ्यात उभी होती. कान पुढे होते. ती लगामाचा वास घेत होती.

तट्टूवाला दचकला, आणि सवयीने त्याचा हात लगाम घेऊन पाठीमागे गेला. त्याच क्षणी साळुंकीचे कान मागे पडले, ओठ वर गेले, पिवळे दात दिसले.

त्याने घाबरून हात पुढे आणला. लगामाची कडी वाजली. साळुंकीचे कान पुन्हा पुढे झाले.

तट्टूवाला तिच्याकडे बघतच राहिला. त्याने हात हळूच मागे नेला. कान मागे. पुढे आणला. कान पुढे. तिसऱ्यांदा मागे न्यायला त्याचा हात उचलेना.

हरभऱ्यात काही नव्हते. आवाजात, लुगड्यातही काही नव्हते. साळुंकी लगामाला भीत नव्हती. जो हात दिसत नाही, त्या हाताला ती भीत होती. त्या परक्या माणसाने तिला गोड दाखवून कितीदा धरले असेल आणि धरल्यावर काय काय केले असेल, ते तिच्या पाठीवर लिहिलेलेच होते. म्हणून पुढचा हात जितका गोड, तितका मागचा हात वाईट, एवढे ती पक्के शिकली होती.

आणि तेव्हा त्याला आठवले, बायको वाडग्याकडे जाताना लगाम आपल्याच गळ्यात अडकवत असे. ती पलीकडच्या मुलखातली होती, तिला इथली रीत उचलता आली नव्हती. पहाटे निघता निघता ते पाहून तो हसायचा. म्हणायचा, "लगाम काय दागिना आहे का?" ती म्हणायची, "दिसू दे की तिला. न्यायला आले आहे, तर न्यायला आले म्हणून दिसू दे." त्याला तो बायकी वेडेपणा वाटला होता.

त्यामागोमाग दुसरेही काही आठवले, जे त्याला आठवायचे नव्हते. शेवटच्या आठवड्यात वैद्याने त्याला दाराबाहेर नेऊन आता आशा नाही असे सांगितले होते. तो आत आला होता आणि दुधाचे भांडे तिच्या हातात देऊन म्हणाला होता, "आता उतार पडेल. तांडा निघायच्या आत उठून बसशील." तिने त्याच्याकडे निरखून पाहिले होते आणि ते भांडे भिंतीवर भिरकावले होते. जन्मात तिने कधी भांडे फेकले नव्हते. तापाच्या भरात फेकले असेल, असे त्याने मनाशी धरले. मग ती भिंतीकडे तोंड करून निजली. तिला काही विचारायचे असेल. काही सांगायचे असेल.

 साळुंकी शेजारी उभी होती. मग तो उठला, त्याने लगाम तिला नीट दिसेल असा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "हा लगाम. तुझ्या तोंडात घालायचा आहे." त्याचा आवाज फुटक्या ढोलासारखाच होता. साळुंकीने एकदा मान झटकली, आणि तोंड उघडले.

तो तिला घेऊन पारावर आला तेव्हा माणसे ओटे सोडून उठली. उद्याच्या तांड्यातल्या तट्टांना नाल ठोकायला नालबंद भट्टी पेटवून, पेटी घेऊन बसलाच होता, पण साळुंकीला पाहून त्याने पेटी पायाआड सरकवली.

"गड्या, इथवर आणलीस, शाबास," तो तट्टूवाल्याच्या कानाशी लागला. "पण नाल ठोकणं म्हणजे लगाम नव्हे. हिच्या पायाला आगीतला लोखंडी तुकडा लागायचा आहे. माझं ऐक. हरभऱ्यांत अफू घालू. डुलकी लागली की दोर टाकून पाडू. चौघं धरू, चार नाल ठोकू. तिला कळायचंही नाही."

"बरोबर बोलतोय तो," शेजारीच उभे असलेले पाटील म्हणाले. "उद्या पौर्णिमा आहे. आज पाय उचलला नाही तर तिला रान आहे. विषाची परीक्षा कशाला?"

तट्टूवाल्याने साळुंकीकडे पाहिले. नालबंदाचे म्हणणे खोटे नव्हते. अफूने आजचे काम नक्की झाले असते, आणि आज काम झाले नाही तर उद्या नव्हतेच.  न लपवता ती पाय देईल कशावरून? लगाम तिच्या ओळखीचा होता, पण तापलेला नाल कोणाच्या ओळखीचा असतो? त्याला काहीच खात्री वाटत नव्हती.

"नको," तो म्हणाला.

"अरे, वाचेल ती!"

"वाचेल. आणि उद्या शुद्धीवर येईल, तेव्हा मी तिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू?" तो म्हणाला. "पेटी पुढं काढ. दाखवून करू."

"काय दाखवून करू?"

"सगळं."

नालबंदाने पाटलांकडे पाहिले. पाटलांनी हात उडवले. बडबडत नालबंदाने पेटी उघडली आणि हातोडी, सांडशी, खुर तासायची रापी, खिळे असे सगळे साळुंकीसमोर मांडले. तिने एकेकाचा वास घेतला. हातोडीला नाक लावून ती शिंकली. भट्टीतला तापलेला नाल तट्टूवाल्याने लांबून तिला दाखवला. ती थरथर कापू लागली. दोरी ताणून ती तीन पावले मागे गेली. माणसे पांगली. तट्टूवाल्याने दोरी ओढली नाही आणि सोडलीही नाही.

"चटका नाही बसायचा, पण धूर होईल आणि वास येईल," तो तिला म्हणाला. "ठोकताना दणका बसेल. चार पाय आहेत, चार वेळा बसेल."

ती उभी राहिली. घामाने तिची मान काळी झाली होती. मग तिने अंगाचा भार तीन पायांवर घेतला आणि चौथा सैल सोडला.

पहिला नाल बसला. दुसरा बसला. तिसऱ्या पायाच्या वेळी जन्माच्या सवयीने नालबंदाने रापी मांडीखाली लपवली. साळुंकीने मागे वळून त्याचे पागोटे उचलले आणि हलवून हलवून पार उलगडून टाकले.

"बरं बाई, बरं!" नालबंद ओरडला. त्याने रापी तिच्या नाकापुढे धरली. "ही रापी! हे खूर तासायला! झालं समाधान? आता कापडाची तेवढी दया कर!"

पारावर जो हशा पिकला त्यात पाटीलही होते. साळुंकीने पागोटे टाकले आणि पाय दिला.

चार नाल झाले. तिच्या पाठीवर गोणी चढली. वेशीपर्यंत ती चालत गेली. मध्ये एकदा थांबली, एका कुत्र्याला लाथ मारून पुढे गेली. तेवढे पाटलांनी पाहून न पाहिल्यासारखे केले.

दुसऱ्या दिवशी तांडा निघाला. दुपारी खिंडीचा मोठा चढ आला. तिथे दरवर्षी तट्टे अडत, आणि माणसे त्यांना हरभरे दाखवत दाखवत वर नेत. तट्टूवाला साळुंकीजवळ गेला. त्याचा दंड अजून ठणकत होता. त्याने दोन्ही हात तिच्या डोळ्यांपुढे मोकळे केले.

"चढ मोठा आहे," तो म्हणाला. "सूर्य बुडेपर्यंत संपायचा नाही. ओझं उतरवता येणार नाही. वर पाणी आहे असं म्हणतात, पण मला खात्री नाही."

साळुंकीने कान पुढे केले आणि ती चढू लागली.

या गोष्टीचे तात्पर्य इतकेच: भ्यालेला जीव वाईट बातमीने बिथरत नाही, ती लपवणाऱ्या गोडव्याने बिथरतो. ज्याचा विश्वास हवा, त्याच्यापुढे दोन्ही हात दाखवूनच जावे, आणि तो ऐकायला आहे तोवरच जावे.